तो डीकन का उठतो?

व्हर्डेल टन्स्टॉलबद्दल चांगलं बोल, असं मला कोणी सांगू नका. चांगलं बोलणारे तिच्या मयताला ढिगाने आले होते, आणि त्यातले निम्मे ती जिवंत असताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. मी पलीकडून गेले नाही. मी समोरून जायचे आणि भांडायचे.

मी ल्युव्हेनिया स्टोक्स. मेम्फिसला आमच्या वस्तीत जुन्या लाँड्रीच्या इमारतीत आपल्या काळ्या माणसांचं नाटकघर आहे, त्याला सगळे लाँड्रीच म्हणतात. तिथे एकतीस वर्षं मी नाटकाचे कपडे शिवले. व्हर्डेल तिथली ड्रामाटर्ग. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी आई म्हणाली होती, "अगं बाई, मग औषध काय देतायत तिला?" काम म्हणाल तर असं की, नाटक लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर बसायचं आणि विचारायचं, हे असं का? हा माणूस इथे का रडला? ही बाई तेव्हा कुठे होती? शिवाय जुने कागद उकरायचे, जुन्या माणसांची डोकी उकरायची, आणि तालमीत मागच्या खुर्चीवर बसून पेन्सिल चावत खुसपटं काढायची. या कामाला पगार देतात हे मला आजही पटलेलं नाही.

एकदा १९३१ सालातलं नाटक होतं. मोलकरणींचे चौदा झगे मी शिवून टांगले होते. रंगीत तालमीला सगळ्यांसमोर ही उभी राहिली. "ल्युव्ही, तेव्हा मोलकरणीच्या झग्याला चेन नसायची. बटणं."

"पाठीला आहे चेन. कोण पाहतंय?"

"घालणारी पाहतेय. चेन एका हाताने लागते. बटणांना दुसरी बाई लागते. त्या सकाळी एकमेकींची बटणं लावत असतील, म्हणून एकमेकींची गुपितं त्यांना ठाऊक आहेत. आख्खं नाटक त्याच्यावर उभं आहे."

आमचा दिग्दर्शक रँडल माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाला, "बटणं लाव, ल्युव्हेनिया." चौदा झगे उसवले. बोटांची चाळण झाली. आणि मेलीचं खरं निघालं हो! पहिल्या प्रवेशात एकमेकींच्या पाठी बटणं लावत त्या पोरी बोलायला लागल्या आणि थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्याचाच मला जास्त राग. चुकणाऱ्या माणसाला माफ करता येतं. ही चुकायचीच नाही.

आम्ही एका वर्गात, एका चर्चमध्ये वाढलो. तिचे वडील जोडे दुरुस्त करायचे. माझे आजोबा रेव्हरंड सीफस स्टोक्स, म्हणजे चर्चचे पास्टर. माझे वडील लवकर गेले. मला आणि माझा भाऊ थर्मन याला आजोबांनीच वाढवलं. चर्चच्या इमारतीच्या कोनशिलेवर त्यांचं नाव आहे. आणि लेखक म्हणून ‘एस्थरची खुर्ची’ या नाटकावरही.

ते नाटक आमच्याकडे दर मे महिन्यात होतं. १९४७ पासून एक वर्ष चुकलेलं नाही. आधी चर्चच्या तळघरात व्हायचं, पुढे लाँड्रीत व्हायला लागलं. एस्थर नावाची विधवा चर्चच्या दारावर अशर म्हणून उभी राहते, आल्या-गेल्याला जागा दाखवते. आणि तिच्या मेलेल्या आईची ठरलेली खुर्ची चर्चच्या कारभारातला एक बडा डीकन बळकावून बसतो. शेवटी एस्थर त्याच्यासमोर येते, आणि तो उठतो. बस. पडदा. लोक टाळ्या वाजवतात, मग खाली तळलेला मासा आणि पीच कॉब्लर.

पण तो का उठतो, हे कुणाला कधी कळलं नाही. एस्थर काही बोलत नाही. एवढा माजलेला माणूस, तीन प्रवेश हलत नाही, आणि ती नुसती समोर आली की टुणकन उठतो. कुणी विचारलं की म्हातारे सांगायचे, "पवित्र आत्मा उठवतो." एका वर्षी त्या डीकनला खोकला काढायला लावला. एका वर्षी वीज कडाडवली. दर वर्षी तो क्षण फुसकाच.

सहा वर्षांची व्हर्डेल नाटक बघून आजोबांच्या कोटाला ओढून म्हणाली होती, "रेव्हरंड, तो का उठला?" आजोबा हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि तिला मासा खायला पाठवलं.

बारा वर्षांच्या झालो तेव्हा आम्हा दोघींना मुलींच्या अशर बोर्डात घेतलं. बोर्ड चालवायच्या सिस्टर ओरा ली बाँड्स. आठवडाभर गोऱ्यांचे कपडे धुवायच्या, आणि रविवारी पांढरे हातमोजे चढवले की राणीसुद्धा पुढे फिकी पडेल. डावी मूठ पाठीमागे कमरेवर, मान ताठ. चर्चमध्ये बोलायचं नाही, सगळं उजव्या हाताच्या खुणांनी. एक म्हणजे एका माणसाची जागा, दोन म्हणजे पंखा आणा, तीन म्हणजे बाई पवित्र आत्म्याने झपाटून नाचतेय, तिचा चष्मा सांभाळा. अशा नऊ खुणा. त्या बाईंनी स्वतः रचलेल्या. "या खुणा आपल्या," त्या सांगायच्या, "पास्टरलासुद्धा सांगायच्या नाहीत. त्यांना व्यासपीठ दिलंय देवाने, दार आपल्याला दिलंय."

चार खुणा शिकवून झाल्या आणि व्हर्डेलने हात वर केला. "सिस्टर बाँड्स, डावी मूठ पाठीमागेच का?"

"कारण मी म्हणते म्हणून."

"पण का?"

झालं! हातमोजे काढून घेतले, बाईसाहेब बाकावर. जाताना माझ्याकडे बघत होती, मी बाजू घेईन म्हणून. मी ताठ मानेने समोर बघत राहिले. मला पुढच्या पाच खुणा शिकायच्या होत्या.

दोन वर्षांनी सिस्टर बाँड्स वारल्या. पुढे बोर्डाने सगळ्या देशात चालतात त्या खुणा घेतल्या. माझ्याबरोबरच्या मुली शिकागोला, डेट्रॉइटला गेल्या, काही देवाघरी. नऊच्या नऊ खुणा माझ्याच हातात राहिल्या आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

व्हर्डेल शिष्यवृत्तीवर शिकायला गेली. डॉक्टर झाली, ती कागदावरची. विषय काय, तर दक्षिणेतल्या काळ्यांच्या चर्चमधली नाटकं. तिच्या प्रोफेसरांनी म्हणे तोंडावर सांगितलं, "ही नाटकं नाहीत, ही प्रार्थना आहे." हिने चारशे पानं लिहून त्यांचं तोंड बंद केलं. तिकडे मोठ्या नोकऱ्या मिळत होत्या. त्र्याऐंशी साली सगळं सोडून आमच्या उरावर बसायला परत आली. थर्मन तोवर डीकन झाला होता. तो म्हणाला, "आली. आता हगायला बसलो तरी का म्हणून विचारेल."

पंधरा वर्षं लाँड्रीत तिने काम केलं. खोटं कशाला बोलू, तिच्या हाताखालून गेलेलं नाटक उभं राहायचं. पोरंसोरं काहीबाही लिहून आणायची, ही त्यांना इतकं छळायची की ती रडत घरी जायची आणि पुन्हा लिहून आणायची. कौतुक कधी नाही. चांगलं झालं तर "हं" म्हणायची. त्या एका "हं"साठी लोक जीव टाकायचे. मला सत्तावीस नाटकांत एकदाही मिळाला नाही.

मग अठ्ठ्याण्णव साल आलं. चर्चच्या तळघरात पाणी शिरलं म्हणून सामान उपसलं, तर सिस्टर बाँड्सच्या बोर्डाच्या जुन्या पेटीत टाइप केलेला गठ्ठा निघाला. ‘एस्थरची खुर्ची’. नाव कुणाचंच नाही. आणि आजोबांनी छापलेल्या पुस्तकात नाही असं काहीतरी त्यात होतं. जागोजाग कंसात आकडे. एस्थर: दोन. एस्थर: पाच. आणि शेवटी, डीकन उठतो त्याच्या अगदी आधी, एस्थर: सात.

व्हर्डेल तो गठ्ठा घेऊन माझ्या शिवणाच्या खोलीत आली. पेन्सिलसुद्धा कुठेतरी विसरून आली होती. तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

"ल्युव्ही, या सिस्टर बाँड्सच्या खुणा आहेत. मला चारच येतात, आणि चारही बरोबर बसतात. दोनला पंखा येतो, तीनला चष्मा. रेव्हरंडना खुणा माहीत नव्हत्या, म्हणून छापताना त्यांनी आकडे गाळले. नाटक त्या बाईने लिहिलंय." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "सात म्हणजे काय?"

मला माहीत होतं. आकडा दिसताक्षणी माझा उजवा हात मांडीवर आपोआप हलला होता, तो मी कापडाखाली घातला.

सात म्हणजे उजवा तळहात वर करून कमरेपाशी धरायचा आणि सावकाश छातीपर्यंत उचलायचा. अर्थ, ही जागा दुसऱ्याची आहे. उठवा.

शिवणयंत्राच्या वरच्या भिंतीवर आजोबांचा फोटो होता. त्यांनी मला ताटातलं काढून भरवलंय. मी विचार केला, या बाईला चेनच्या जागी बटण पाहिजे म्हणून मी चौदा झगे उसवले. आता ही माझा आजा उसवायला निघाली.

"स्तोत्रांचे नंबर असतील," मी म्हटलं.

"तेव्हाचं स्तोत्रांचं पुस्तक तपासलं मी. बसत नाहीत. तुला नऊही शिकवल्या होत्या."

"पस्तीस-सदतीस वर्षं झाली. विसरले."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाराव्या वर्षी हातमोजे काढताना बघत होती ना, तश्शी. "तू एक टाकासुद्धा विसरत नाहीस, ल्युव्ही."

"जा बाई, मला काम आहे."

पंधरा दिवसांत गावभर झालं. चर्चच्या खालच्या हॉलमध्ये सभा बोलावली. थर्मनच्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "डॉक्टरीणबाई, ज्या पास्टरने तुझ्या बापाच्या दुकानाला छप्पर घातलं, त्यांना चोर म्हणतेस? कुठल्या तोंडाने?"

"मी चोर म्हटलेलं नाही. मी विचारतेय, डीकन का उठतो?"

"उठतो तर उठतो! तुझ्या बापाचं काय जातं?"

लोक हसले. मग एकेक सुरू झाले. हिला नवरा नाही, पोर नाही, म्हणून मढी उकरते. गोऱ्यांच्या शाळेत शिकून आपल्याच माणसांना कमी दाखवते. जिच्यासाठी ती भांडत होती ती बाई धोबीण, हेही एका शहाण्याने काढलं. हॉलमधल्या अर्ध्या लोकांच्या आया धोबिणी होत्या, पण त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. व्हर्डेल म्हणाली, "सातव्या खुणेचा अर्थ सांगणारं कुणी इथे असेल, तर आत्ता सांगावं." आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने पाहिलं असतं, बोट दाखवलं असतं, तर मी भांडले तरी असते. मी कॉफीचे कप गोळा करत राहिले.

"पुरावा नाही ना?" थर्मन म्हणाला.

"पूर्ण नाही."

"मग तोंड बंद."

आणि तिने खरंच बंद केलं. तेच मला डाचतं. दुसरं कुणी असतं तर "माझा असा अंदाज आहे" म्हणून कुठेतरी छापून मोकळं झालं असतं. तिने एक ओळ छापली नाही. पुरावा नाही तर लिहायचं नाही. सुंभ जळला तरी पीळ जाईना. लाँड्रीने तिला काढलं. रँडल तोंड पाडून म्हणाला, "चर्चशी वैर घेऊन थिएटर कसं चालवू?" उरलेली वर्षं ती कुठल्याशा साध्या कॉलेजात पोरांना निबंध शिकवत होती. डेट्रॉइटला, मिलवॉकीला जाऊन आमच्या बोर्डातल्या म्हाताऱ्या शोधत होती असं कानावर यायचं. एक सापडली, तर तिला स्वतःचं नाव आठवत नव्हतं.

पण दर मे महिन्यात ती नाटकाला यायची. शेवटची रांग, पेन्सिल हातात. डीकन उठला की ती मान खाली घालायची. मी विंगेतून बघायचे. अठरा वर्षं बघितलं. बाहेर भेटलो तर मी म्हणायचे, "यंदा काय खुसपट?" ती म्हणायची, "तेच." एवढंच आमचं बोलणं.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात ती गेली. पोटाचा कर्करोग होता, कुणाला बोलली नाही.

मयत आमच्याच चर्चमध्ये. मी तोवर अशर बोर्डाची प्रमुख, पांढरे हातमोजे घालून मधल्या वाटेवर उभी. पहिला बाक घरच्यांचा असतो. तिचं घरचं कुणी नव्हतंच, म्हणून थर्मन आणि दोन डीकन त्यावर ऐसपैस बसले होते. तिने घडवलेली लिहिणारी पोरं, आता चाळिशीची झालेली, भिंतीला टेकून उभी होती.

आमच्याकडे मयताच्या पत्रिकेत जीवनवृत्तांत छापतात आणि तो मोठ्याने वाचत नाहीत, ऑर्गन हळू वाजतो आणि सगळे मनात वाचतात. व्हर्डेलने स्वतःचा स्वतःच लिहून ठेवला होता, दुसऱ्यावर विश्वास कशाला ठेवेल! जन्म, शाळा, चारशे पानं, नाटकांची यादी. सगळ्याला तारखा. आणि शेवटची ओळ: ‘एस्थरची खुर्ची’ कोणी लिहिलं याबद्दल तिचं एक मत होतं. ते तिला सिद्ध करता आलं नाही, म्हणून इथे दिलेलं नाही.

माझं नाव नाही. एक टोमणा नाही. मेल्यावरसुद्धा माझ्याकडे बोट दाखवलं नाही तिने. मला इतका संताप आला की ती पत्रिका मी मुठीत चुरगाळली. अगं, शिवी तरी द्यायचीस!

मान वर केली तर समोर थर्मन, घरच्यांच्या बाकावर, पाय पसरून, पत्रिकेने वारा घेत. आणि ती पोरं भिंतीला.

मी वाटेवरून चालत त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. डावी मूठ पाठीमागे. उजवा तळहात वर, कमरेपाशी. सावकाश छातीपर्यंत उचलला.

थर्मन उठला.

का उठला ते त्यालाही कळलं नाही. खूण त्याला ठाऊक नव्हती, बापजन्मी पाहिलेली नव्हती. पण सगळं चर्च बघत असताना एक बाई न बोलता असा हात उचलते तेव्हा बसून राहताच येत नाही. सिस्टर बाँड्सनी ती खूण केलीच तशी होती. बाकीचे दोघेही उठले. मागून कुणी म्हातारी म्हणाली, "हे देवा!"

मी त्या पोरांना हाताने बाक दाखवला. मग पुढे गेले. पत्रिकेत लिहिलं होतं, मनोगत, दोन मिनिटं, कृपया. मला अर्धं पुरलं.

"ही सातवी खूण. ही जागा दुसऱ्याची आहे, उठवा, असा तिचा अर्थ. सिस्टर ओरा ली बाँड्सनी मला शिकवली, रेव्हरंडना नाही. डीकन का उठतो ते आत्ता तुम्ही पाहिलंत. नाटक त्या बाईंचं आहे. मला अठ्ठ्याण्णव सालीच माहीत होतं."

थर्मन उभ्या उभ्या ओरडला, "ल्युव्ही, आजोबांच्या चर्चमध्ये!" मी म्हटलं, "आजोबांवर माझा जीव आहे. म्हणूनच खोटं बोलले." मग उघड्या शवपेटीकडे वळले.   तिचा जांभळा झगा तेवढा पाहिला. मानेशी पाठीच्या चेनचं टोक दिसत होतं, शवपेटीवाल्याने लावलेली.

थर्मन तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बोर्डातल्या बायका माझ्या शेजारी उभ्या राहत नाहीत. त्यांचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही.

पुढच्या मे महिन्यात एस्थरचं काम करणाऱ्या मुलीला मी सातवी खूण शिकवली. तळहात दोनदा चुकला तर मीच ओरडले, घाई का करतेस म्हणून. प्रयोगाला तिने हात उचलला, डीकन उठला, आणि एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक उभे राहिले, एकेक रांग, मागपासून पुढपर्यंत. शेवटच्या रांगेतली एक खुर्ची मी रिकामी ठेवायला लावली होती.

प्रयोगाची पत्रिका मी स्वतः छापायला दिली. रँडलने वाचून विचारलं, "हे शेवटचं नक्की ठेवायचं?" म्हटलं, ठेव. ती असती तर पहिलं हेच विचारलं असतं, कशावरून? सांगणारा कोण? कधी सांगितलं? त्यामुळे वर लेखिका म्हणून ओरा ली बाँड्स, त्याखाली ड्रामाटर्ग म्हणून व्हर्डेल टन्स्टॉल, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात टीप आहे: आधार, ल्युव्हेनिया स्टोक्स, शिंपीण. डॉ. टन्स्टॉल यांनी १९९८ साली विचारलं होतं. शिंपिणीने विसरले म्हणून सांगितलं. ती विसरली नव्हती.